आज बरोबर, उद्या भलतीकडे: ब्रेक-बॅरल एअर रायफलचा नेम का टिकत नाही

ब्रेक-बॅरल म्हणजे नळी मोडून आतली स्प्रिंग ताणायची छर्ऱ्याची बंदूक. तिच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीवर येते. "काल झिरो केली (नेम आणि मार जुळवला), पाच छर्रे जवळपास एका भोकात गेले. आज तीच बंदूक, तोच डबा, तेवढंच अंतर, आणि मार दीड इंच डावीकडे. पुन्हा नेमाच्या घुंडीची क्लिक फिरवून आणली. परवा परत तेच." मग कुणी जाणकार सांगतो की स्प्रिंग बसली. स्प्रिंग बदलून येते, खिसा हलका होतो, मार मात्र होता तसाच.

दहा मीटरवर मार भरकटतोय म्हणून पहिल्यांदा स्प्रिंगला धरू नका. हिशोब साधा आहे. छर्रा सेकंदाला 200 मीटरच्या वेगाने सुटला, तर 10 मीटर जाईपर्यंत तो साधारण 12 मिलिमीटर खाली येतो. स्प्रिंग थकून वेग 180 वर आला, तर 15 मिलिमीटर. म्हणजे वेगात दहा टक्के घट होऊनही फरक पडला जेमतेम 3 मिलिमीटरचा, तोही खाली. डावी-उजवीकडे काहीच नाही. तुमचे छर्रे तीन-चार सेंटिमीटरांत पसरत असतील किंवा आडवे सरकत असतील, तर वेगाला दोष देऊन भागणार नाही. 25 मीटरवर गोष्ट वेगळी. तिथे हाच फरक दोन सेंटिमीटरांच्या घरात जातो. पण ज्याची दहावर बोंब आहे त्याने पंचवीसचा विचारच करू नये.

आधी कागद वाचा

काहीही खोलण्याआधी एक काम करा. साइटला किंवा स्कोपला (वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीला) हात न लावता, एकाच ठिकाणी नेम धरून दहा छर्रे मारा. मार कुठेही पडो, मधेच क्लिक फिरवायची नाही. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप फसवतो, तीन छर्ऱ्यांचा तर सरळ खोटं बोलतो. दहा मारले की बंदूक खरं सांगायला लागते. कार्डावर तारीख, छर्ऱ्याचं नाव आणि कुठल्या साइटने मारलं ते पेन्सिलीने लिहा. पुढे हीच कार्डं कामाला येतात. ग्रुप मोजताना बाहेरून बाहेर माप घ्या आणि त्यातून छर्ऱ्याचे 4.5 मिलिमीटर वजा करा.

आता कार्डाकडे बघा. ग्रुप लहान आहे पण जागा चुकलीय, तर बंदूक ठणठणीत आहे आणि साइट फिरवायची बाकी आहे. दोन वेगळे घोस पडलेत, अर्धे इथे आणि अर्धे तिथे, तर काहीतरी दोन जागांवर बसतंय: नळीचं कुलूप (बंद नळीला जागी धरणारी गोटी किंवा पाचर), सैल स्कोप किंवा तुमचा गाल. छर्रे एका दिशेने हळूहळू सरकत गेलेत, तर स्क्रू किंवा माउंट (स्कोप बंदुकीला धरून ठेवणारा भाग) सुटतंय. उभी रांग पडली तर नळी बंद होण्यातला फरक, किंवा बंदुकीखाली हात दर वेळी वेगळ्या जागी. आठ एकत्र आणि दोन लांब पळालेले असतील तर बहुतेक छर्रेच. आणि सगळीकडे शिंतोडे उडाल्यासारखं असेल तर पुढचा भाग नीट वाचा, कारण अशा दहा तक्रारींतल्या निम्म्या तरी तिथेच सुटतात.

पकड: इथे क्लबातलं शिक्षण आडवं येतं

आज 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत वापरतात त्या बंदुका दाबून भरलेल्या हवेवर चालतात. सिलिंडर आधी भरलेला, व्हॉल्व्ह उघडला की छर्रा सुटला, आणि धक्का जवळपास नाहीच. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी सुवर्ण जिंकलं तेव्हापासून आपल्याकडे पोरांची जी रांग लागली, ती याच प्रकारावर शिकली. जॅकेट घट्ट, पट्टा घट्ट, खांदा घट्ट. ते शिक्षण त्या बंदुकीसाठी बरोबरच आहे. तोच पोरगा घरी येऊन काकांची जुनी मोडायची बंदूक हातात घेतो आणि तशीच आवळून धरतो. मग मार कुठेही जातो आणि नाव बंदुकीचं खराब होतं.

स्प्रिंगच्या बंदुकीत काय घडतं ते बघा. ट्रिगर सुटला की स्प्रिंग जड दट्ट्याला पुढे ढकलते, आणि त्याच वेळी बंदूक मागे सरकते. दट्ट्या पुढच्या टोकाशी दाबल्या गेलेल्या हवेवर आपटून थांबतो, तेव्हा बंदूक पुढे झटका खाते. हा सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतो, पण छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक हललेली असते. ती हलणारच. तुमच्या हातात एवढंच आहे की दर वेळी ती सारखीच हलावी.

म्हणून डावा हात उघडा ठेवायचा. मूठ वळायची नाही. दस्त्याचा पुढचा भाग तळव्यावर नुसता टेकलेला असावा, बोटांनी कडा धरायच्या नाहीत. खांद्याला दस्ता लागतो तेवढाच लावायचा, ओढून घ्यायचा नाही. गाल टेकवायचा, दाबायचा नाही. उजव्या हाताची पकडही ट्रिगर चालवण्यापुरती. पाश्चात्य नेमबाज याला आर्टिलरी होल्ड म्हणतात: तोफ गाड्यावर मागे-पुढे सरकते तशी बंदूक हातावर सरकू द्यायची.

तळवा कुठे ठेवायचा हे प्रत्येक बंदुकीचं वेगळं असतं. ट्रिगर-गार्डच्या लगेच पुढे ठेवून दहा मारा, मग तीन सेंटिमीटर पुढे सरकवून दहा, मग आणखी तीन. तिन्ही कार्डं शेजारी ठेवली की जागा आपोआप कळते. ती सापडली की दस्त्याच्या खालच्या बाजूला कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका, म्हणजे अंधारातही हात तिथेच जाईल.

टेबलावर टेकून मारताना बहुतेकांचा घोळ होतो. बंदूक थेट लाकडावर, विटेवर किंवा टणक पिशवीवर टेकवली की ती त्या पृष्ठभागावरून उसळते आणि मार वर जातो. नळी तर कशावरही टेकवू नका. वाळूची पिशवी ठेवा, तिच्यावर हाताची पाठ ठेवा आणि उघड्या तळव्यावर बंदूक. मारल्यानंतर डोकं लगेच उचलू नका. छर्रा कार्डावर लागल्याचा "टप्" ऐकू येईपर्यंत साइट बघत राहा. झटका बसून गेल्यावर क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) परत निशाणाजवळ आला, तर बसण्याची ढब बरोबर आहे. दर वेळी उजवीकडेच राहतोय, तर तुम्ही बंदूक ओढून निशाणावर धरत होतात. अशा वेळी हात न वळवता अख्खं अंग थोडं वळवून बसा.

हे सगळं करून ग्रुप निम्म्यावर आला, तर पुढचं वाचायची घाई नाही.

स्क्रू, आणि पुन्हा पुन्हा सुटणारे स्क्रू

"काल बरोबर, आज डावीकडे" याचं सगळ्यात नेहमीचं यांत्रिक कारण म्हणजे दस्त्याचे स्क्रू. दस्त्याच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी एकेक आणि ट्रिगर-गार्डचे एक किंवा दोन. दोन दिशांनी बसणाऱ्या झटक्यांनी ते हळूहळू सैल होतात. शंभर-दोनशे छर्ऱ्यांत पाव फेरा फिरला तरी मार हलतो. डाव्या बाजूचा सुटला आणि उजव्याचा घट्ट राहिला, तर आडवा मार हमखास.

नुसता पिळून घट्ट केला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा सैल होणार. त्यातून आपलं हवामान. कोकणात आणि कोल्हापूर-सांगलीकडे पावसाळ्यात लाकडी दस्ता ओल धरून फुगतो, स्क्रू घट्ट वाटतो. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आक्रसतं आणि तोच स्क्रू ढिला पडतो. दिवाळीच्या सुट्टीत बंदूक बाहेर काढणाऱ्यांचा नेम नेमका तेव्हाच बिघडतो, त्यात नशिबाचा काही संबंध नाही.

पक्कं करायचं असेल तर एकेक स्क्रू पूर्ण बाहेर काढा. आट्यांवर तेल असतंच, ते स्पिरिटने पुसून कोरडं करा. समोरच्या भोकातलंही कापसाने काढा. आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा, लॉकटाइट 243 सारखा. लाल घेऊ नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि शेजारी लाकूड आहे. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पाना घ्या, कारण ढिला पाना खाच चावतो. आखूड मुठीच्या पान्याने दोन बोटांच्या जोरावर घट्ट झाला की थांबा. लाकूड चिरडेपर्यंत पिळलं तर लाकूड पुन्हा दबतं आणि स्क्रू पुन्हा सैल. एक रात्र बंदूक तशीच ठेवा.

आणि घरातली नेलपॉलिश मागून घ्या. स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या वॉशरवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी बंदूक काढली की आधी रेघेकडे बघायचं. रेघ अखंड असेल तर स्क्रूवर संशय घ्यायचं कारण नाही, तुटली असेल तर काय झालं ते न मारताच कळलं. स्कोपच्या माउंटलाही अशीच रेघ ओढा.

स्कोप काढा आणि साध्या साइटने मारा

पकड झाली, स्क्रू झाले, तरी मार फिरतोय? आता बंदुकीच्या बांधणीचा फायदा घ्या. बहुतेक ब्रेक-बॅरल बंदुकांत पुढची माशी नळीच्या तोंडावर असते आणि मागची साइट नळीच्या बुडाशी, म्हणजे नळीबरोबर मोडणाऱ्या ठोकळ्यावर. दोन्ही साइट नळीवरच. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर, म्हणजे न मोडणाऱ्या भागावर बसतो. याचा अर्थ असा की नळी दर वेळी थोडी वेगळ्या जागी बंद होत असेल, तर साध्या साइटला फारसा फरक पडत नाही, कारण साइटही नळीबरोबरच हलते. स्कोपला तो फरक पूर्ण दिसतो.

म्हणून स्कोप उतरवा आणि साध्या साइटने दहा मारा. ग्रुप एकदम सुधारला, तर दोष स्कोपमध्ये, माउंटमध्ये किंवा नळीच्या कुलपात. तसाच वाईट राहिला, तर छर्रे, नळीचं तोंड किंवा अजूनही तुमची पकड. अर्धं रान एका कार्डात बाद होतं. (त्याआधी माशी आणि मागची साइट बोटाने हलवून बघा. डुगडुगणारी साइट घेऊन ही परीक्षा व्यर्थ.)

ज्या बंदुकीला कारखान्यातूनच साइट नाही, तिला ही सोय नाही. तिथे दुसऱ्याचा खात्रीचा स्कोप उसना आणून लावावा लागतो.

स्कोपचे तीन दोष

पहिला, सरकणं. झटक्यांनी माउंट खाचेवरून हळूहळू मागे सरकतं. बंदूक पुढे झेपावते आणि स्कोप आपल्या जडपणामुळे मागे राहतो. नेलपॉलिशची रेघ हे लगेच दाखवते. माउंटच्या खाली अडकण-पिन असेल आणि बंदुकीच्या सिलिंडरवर तिच्यासाठी भोक असेल, तर ती भोकात उतरवूनच माउंट आवळा. नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉपर लावा.

दुसरा, स्कोप आतून मोडणं. बारा बोअर किंवा काडतुसाच्या रायफलीचा दणकट स्कोप एअर रायफलवर महिन्याभरात ढिला पडतो, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. त्या बंदुकीचा धक्का मोठा असला तरी एकाच दिशेचा असतो. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका उलट-सुलट असतो, आणि स्कोपच्या आतली भिंगं उलट्या झटक्यासाठी बांधलेली नसतात. स्कोपच्या खोक्यावर स्प्रिंग एअरगनसाठी असल्याचं लिहिलेलं नसेल, तर घेऊ नका.

तिसरा दोष सगळ्यात लपलेला. पुष्कळ ब्रेक-बॅरल बंदुकांची नळी सिलिंडरच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. स्कोप झिरो करताना वरची घुंडी "अप"च्या बाजूला फिरवत, फिरवत जवळपास शेवटापर्यंत न्यावी लागते. तिथे स्कोपच्या आतली स्प्रिंग ढिली पडते आणि भिंगांची नळी प्रत्येक झटक्याला थोडी हलते. मार फिरतो, तुम्ही क्लिक फिरवता, दोन छर्रे बरोबर जातात, पुन्हा फिरतो. हा खेळ महिनोन् महिने चालतो. तपासायचं असेल तर घुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा आणि बरोबर मधे आणून ठेवा. आता मार किती खाली पडतो ते बघा. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) स्कोपला 10 मीटरवर एक क्लिक म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटर खाली असेल तर साठेक क्लिक लागतील हे उघड आहे. त्या क्लिक देऊ नका. माउंटच्या मागच्या रिंगेत, स्कोपच्या खाली, जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी घाला. दोन रिंगांत 100 मिलिमीटर अंतर असेल आणि पट्टी 0.2 मिलिमीटरची असेल, तर 10 मीटरवर मार 20 मिलिमीटर वर येतो. दोन पट्ट्यांपलीकडे जाऊ नका, स्कोपची नळी पिचते. तेवढ्याने भागलं नाही तर उतार असलेलं माउंट मिळतं, ते घ्या.

पॅरलॅक्सही एकदा बघून घ्या. बंदूक पिशव्यांवर स्थिर ठेवा आणि हात न लावता स्कोपमागे डोळा वर-खाली हलवा. क्रॉसहेअर निशाणावरून सरकताना दिसला, तर दर वेळी गाल जरा वेगळा पडला की मार वेगळा पडणार. स्वस्त स्कोप लांबच्या अंतरासाठी पक्के केलेले असतात, दहा मीटरवर त्यांचं हे दुखणं राहणारच. पुढच्या भिंगाला अंतराची कडी असलेला स्कोप हाच त्यावर उपाय.

नळीचं कुलूप

साध्या साइटने बरा, स्कोपने वाईट, आणि स्कोप निर्दोष. मग नळी.

बंदूक रिकामी आणि स्प्रिंग न ताणलेली असताना दस्ता दोन गुडघ्यांत धरा आणि नळीचं टोक डावी-उजवीकडे ढकला. बिजागरीपाशी "टिक" असं हाताला लागलं तर खेळ आहे. हा खेळ किती महाग पडतो ते पाहा: समजा बिजागरीपासून कुलपापर्यंत 30 मिलिमीटर अंतर आहे आणि कुलपात 0.03 मिलिमीटरचा फरक पडतोय. केसाच्या निम्म्याहून कमी. 10 मीटरवर त्याचे होतात 10 मिलिमीटर.

बिजागरीला बोल्ट असेल तर बहुधा त्याच्या डोक्याशी खाचा आणि एक छोटा अडसर-स्क्रू असतो. अडसर काढा, बोल्ट एक खाच पुढे न्या, अडसर परत लावा. घट्टपणा बरोबर आहे की नाही याची खूण अशी की अर्धी मोडलेली नळी स्वतःच्या वजनाने खाली पडू नये, पण हाताने सहज हलावी. काही स्वस्त बंदुकांत बोल्टच नसतो, नुसती पिन ठोकलेली असते. तिथे वॉशर बदलणं हे बंदुकीच्या कारागिराचं काम.

कुलपाची गोटी किंवा पाचर मळलेली असली तरी तोच परिणाम. दहा छर्रे नेहमीसारखी नळी बंद करून मारा. पुढचे दहा छर्रे मारताना प्रत्येक वेळी नळी बंद केल्यावर तिच्या टोकाला खालून तळव्याने हलकी थाप द्या. दोन कार्डांत फरक पडला तर गोटी पूर्ण बसत नाहीये. कापसाच्या काडीने जुनं काळं ग्रीस काढा, मोलिब्डेनम ग्रीसचा पुसटसा हात द्या. नळी झटक्यात "खाट्" करून बंद करायची सिनेमातली सवय असेल तर ती आधी सोडा.

नळीच्या बुडाशी हवा अडवणाऱ्या वॉशरसाठी एक सोपी परीक्षा आहे. नळी आणि सिलिंडरच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवा आणि छर्रा मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. वॉशर बदला. तो स्वस्त असतो.

हे सगळं करताना एक नियम मोडू नका. स्प्रिंग ताणलेली आणि नळी उघडी असताना छर्रा घालायचा तर दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरूनच. ट्रिगरचा खटका सुटला तर नळी वर आपटते आणि बोट मधे असेल तर तुटतं.

छर्रे, आणि नळीचं तोंड

एकाच डब्यातले सगळे छर्रे सारखे नसतात. काचेच्या तुकड्यावर एकेक छर्रा लोळवून बघा. चांगला छर्रा सारखा वळसा घेत जातो, कंबर दबलेला किंवा घेर वाकलेला डुचमळतो. डबा खिशात घेऊन फिरणाऱ्यांना असे बरेच सापडतील. डोक्याचं मापही छापलेलं असतं: 4.49, 4.50, 4.51. कुठलं माप तुमच्या नळीला आवडतं हे कार्डच सांगेल, दुकानदार नाही. छर्रा नळीत बसवताना अंगठ्याला हलका, सारखा विरोध जाणवला पाहिजे. काही छर्रे नुसते टपकन आत पडतात आणि काही दाबावे लागतात, असा डबा सरावाला ठेवा, कार्डावर नको. नवा प्रकार लावला की पहिले वीसेक छर्रे मोजू नका, नळी जुन्या शिशाचा थर बदलून घेत असते.

टोकदार छर्रे आणि हलक्या मिश्रधातूचे "सुपरफास्ट" छर्रे मी कुणालाच सुचवत नाही. भारतात विनापरवाना बंदुकीची हद्द 20 ज्यूल आणि 4.5 मिलिमीटर बोअर. 0.53 ग्रॅमचा छर्रा 270 च्या वेगाने गेला तरी ते 19 ज्यूलच्या वर जातं. ही ताकद हलक्या छर्ऱ्यात घातली की तो आवाजाच्या वेगाजवळ पोहोचतो आणि तिथे डगमगतो. 10 मीटरवर चपट्या डोक्याचे, त्यापुढे गोल डोक्याचे. बास.

नळीच्या तोंडाची तपासणी मात्र कुणी करत नाही. कापसाच्या काडीचं टोक तोंडाच्या आतल्या कडेवरून सावकाश फिरवा. एखाद्या जागी कापसाचा धागा अडकला तर तिथे कंगोरा आहे. बंदूक भिंतीला तोंडाकडून टेकवून ठेवणाऱ्यांना हे बक्षीस मिळतं. तोंडावर शिशाचे पुसट फराटे असतात, ते चहूबाजूंनी सारखे असले तर ठीक, एका बाजूलाच दाट असले तर हवा तिरकी सुटतेय. कडा पुन्हा कापून घ्यायला कारागिराकडे द्या. घरी सॅंडपेपर लावू नका.

नळी साफ करायची तर मासेमारीच्या जाड दोऱ्याला कापडाचा तुकडा बांधून बुडाकडून तोंडाकडे ओढा. लोखंडी सळई आणि तारेचा ब्रश नको. आणि दर आठवड्याला साफ करायचं खूळ नको, साफ नळी पुन्हा मुरायला छर्रे खाते.

वाकलेली नळी वेगळीच. जत्रेत फुग्यांच्या टपरीवरच्या बंदुका नेहमी वर का मारतात? कुणीतरी कधीतरी नळी उघडी असताना ट्रिगर दाबलेला असतो, नळी आपटून वर वाकलेली असते. तुमची बंदूक साइट अगदी खाली आणूनही वरच मारत असेल आणि हे एकदा झाल्याचं आठवत असेल, तर क्लिकमध्ये उत्तर शोधू नका.

तेल आणि शेवटी स्प्रिंग

शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, थ्री-इन-वन, काय काय घालतात लोक त्या छोट्या भोकात. दट्ट्याच्या पुढे हवा इतकी तापते की तेल पेटतं: मोठा आवाज, धूर, जळका वास. एक छर्रा 200 ने जातो, पुढचा 260 ने. ग्रुप मग उभा फाटतो, दट्ट्याचा वॉशर जळतो आणि स्प्रिंगही मार खाते. जुन्या जर्मन बंदुकीत चामड्याचा वॉशर असेल तर त्याला तेल लागतं, पण तेही बंदुकीच्या चेंबरसाठी मिळणारं, आणि थेंबभर. प्लास्टिकच्या वॉशरला जवळजवळ काहीच लागत नाही. तेल घालून बसला असाल तर दुसरा उपाय नाही, तीस-चाळीस छर्रे मारून जाळून टाका आणि तोवर ग्रुप मोजू नका.

स्प्रिंगचा नंबर आता येतो. ताणताना करकर, सुटताना लांब "टणणण", वेग मोजायचं यंत्र असेल तर एका छर्ऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सेकंदाला दहा-पंधरा मीटरचा फरक, किंवा नळी मोडायला पूर्वीपेक्षा बरीच हलकी. हे असेल तर बदला. बंदूक ताणून ठेवून तासभर कुणाची वाट पाहण्याने स्प्रिंग बसते, ती सवय स्प्रिंगबरोबरच बदला. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय मागची टोपी उघडायची नाही, ती तोंडावर येते. दाबायची चौकट नसेल तर कारागिराकडे द्या.

बदलून आणल्यावर लगेच झिरो करायला बसू नका. नवी स्प्रिंग आणि नवा वॉशर बसायला दोनेकशे छर्रे जातात, तेवढ्या काळात मार थोडा थोडा खाली उतरत राहतो. ते छर्रे नुसते मातीच्या बांधावर मारून संपवा, दस्त्याचे स्क्रू पुन्हा तपासा, आणि मग पहिलं कार्ड लावा.